ब्रेकले काम पायजे

चाक काढलं इस्तारीनं आणि गप्पच झाला.
मग तबकडीवरून बोट फिरवलं,
तांबूस भुकटी आली बोटाला,
ती माझ्यापुढे धरली, दुकानदार तिखट दाखवतो तशी.
"झिजली नाही हे, बाई. बसून बसून गंजली."

मी आले होते रंगासाठी.
अडीच वर्षांची माझी गाडी, विजेवरची, दोन दारांची,
मुकुटबनच्या आसपास सगळ्या गोठ्यांना ओळखीची,
आवाज नाही म्हणून कुत्र्यांना न आवडणारी.
मागे नायट्रोजनचं कॅन,
त्यात पुढच्या वर्षीची वासरं, नळ्यांमध्ये गोठलेली.
पाय उचलला की मोटरच गाडीला मागे खेचते,
कॅन पुढे झुकतं, आणि माझा डावा हात
न सांगता मागे जातो त्याला धरायला.

म्हणून दोन कामं सांगितली:
ही ओढ मऊ कर,
आणि कॅलिपर रंगव, रिमच्या फटींतून दिसेल असं काहीतरी.
"रंगानं गाडी थांबते का?"
पंक्चरच्या टबापाशी बसलेला धनपाल म्हणाला.
"नाही. पण थांबलेली चांगली दिसते."

इस्तारीचा बाप खाचराच्या चाकांना धावा चढवायचा.
लाल तापलेली धाव, वरून पाणी,
आणि लाकूड कसं आवळून किंचाळायचं,
हे तो सांगत होता
तारेच्या ब्रशनं गंज खरवडत,
हवा काढायच्या बोंडावर सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब चढवत,
रबरांवर पेपरचं पान चिकटवत,
सोयाबीनच्या भावाचं.

नागपूरहून कुरिअरनं आलेला डबा,
उष्णता सोसणारा, लाल.
त्याला पटला नाही.
थोडा पिवळा टाकला, काडीनं ढवळला, उन्हात धरला.
अजून थोडा.
पोळ्याला शिंगं रंगवतानाही तो असंच करतो म्हणे,
एका बैलाचा रंग दुसऱ्याला लावत नाही.
शेवटी जे निघालं त्याला कुठल्याच कॅटलॉगात नाव नसेल:
पळस गळायला लागतो
त्यानंतरची दुसरी दुपार.

जुने पॅड काचेसारखे चकाकत होते, ते काढले.
जुनं ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं निघालं.
धनपालला गाडीत बसवलं:
दाब. धर. सोड.
दाब. धर. सोड.
बुडबुडे संपेपर्यंत.
शाळा सुटलेल्या पोरांनाही पाठ झालं ते.

मग मोटरची ओढ दोन घरं खाली आणली,
स्क्रीनवर, करंगळीनं,
कारण बाकीची बोटं पळसाची झाली होती.
"आता उतारावर चार्ज कमी भरन. पण ब्रेकले काम भेटन.
कामाबिगर माणूस बी गंजते, हे तर लोखंड हाय."
बोलला, आणि ओशाळला.
धनपाल खाण बंद पडल्यापासून त्याच्याकडे बसतो.
धनपाल टबातलं पाणी बघत होता.
बुडबुडा कुठेच येत नव्हता.

चाचणी घ्यायची तर मोजायला कोणीतरी हवं.
"धनपाल, तूच चाल."
डांबरावर चुन्याची रेघ,
पन्नासचा वेग, रेघेवर पाय.
सकाळी चाक काढण्याआधी तेवीस पावलं झाली होती.
आता अठरा.
त्यानं पुन्हा मोजली, उलटी चालत.
अठरा.
पुन्हा चालव म्हणाला,
आणि पहिल्यांदाच रंगाकडे वाकून बघितलं.
"शिंगावानी दिसून राह्यलं," म्हणाला.

पंधरा दिवसांनी, रात्री, पाटणच्या अलीकडे
रोही आले रस्त्यावर, सात-आठ,
आणि मधोमध उभे राहिले, घाई नसलेले.
मी दाबला. कॅन जागचं हललं नाही.
ते गेले, तुरीत शिरले, तूर मिटली.

उतरले. रंग काही दिसत नव्हता अंधारात.
चाकाशी हात धरला, ऊब होती,
लोखंड निवताना टिक टिक करत होतं.
धनपाल विचारेल म्हणून मागे गेले,
टायर जिथून घासला तिथून पावलं मोजली.
सतरा. की अठरा.
मध्ये एकदा चुकले,
पण परत मोजायला गेले नाही,
पुढच्या गावात गाय थांबली होती.